बिनजात्याच्या ओवीची मोहीम

श्री. शके अठराशें अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं, इस्लामपूर प्रांतीं रंगूबाईसाहेबांनीं आपली ओवी टेपांत भरावयाची मोहीम मांडिली, ते समयीं जें जंग जाहलें त्याची ही हकीकत. ऐकणारांनीं हंसूं नये. न राहवल्यास तोंडास पदर लावावा.

बाईसाहेबांचे यजमान सयाजीराव पलटणींत नाईक, सरहद्दीवर मुक्काम. खलिता धाडावा तर बाईसाहेबांस अक्षर ठावें नाहीं, आणि मास्तरांकरवीं लिहवावा तर 'इकडील सर्व क्षेम' यापुढें मजकूर परक्यासमक्ष सांगवेना. सबब मनांतलें मनींच राहून जीव कासावीस जाहला. मग रावांनीं रजेंत टेपरेकॉर्डर आणून हुकूम केला कीं, जात्यावर म्हणतेस तें यांत भरून धाडणें, पलटणींत ऐकावयाची सोय आहे. पुढें खबर आली कीं, रावांचा सोबती अर्जुना आजच बाराचे यष्टीनें पलटणीकडे कूच करणार. आणि पुन्हा असा जासूद वर्षभर मिळणें नाहीं.

मग बाईसाहेबांनीं माजघर काबीज करून दार लोटलें आणि बटण दाबिलें, तों घात जाहला. जन्मांत जात्यावांचून ओवी म्हटली नव्हती. हात मोकळे, तों कंठ बंद. मग जोंधळे वैरून जात्यावर चाल केली, आणि ओव्या धो धो आल्या, आणि टेप ऐकावा तों जणूं मालट्रक घाट चढतो आहे. मग मसलत करून जात्याचे वरखालचे तळ्यांमध्यें गोधडी घातली, आणि जातें जागचें हलेना.

इतक्यांत रावांच्या मातोश्री राहीबाई उंबऱ्यावर प्रकट जाहल्या आणि पुसत्या जाहल्या, "काय गं, आता गोधडी दळाया लागलीस व्हय?"

बाईसाहेबांस रडूं कोसळलें. "आत्याबाई, हात फिरल्याबिगार तोंडात शबुद येत न्हाई वं!"

मातोश्री समोर बसल्या, आपली मूठ पुढें केली आणि फर्मान सोडिलें, "ह्यो जात्याचा खुटा. धर न् फिरव. बारा वाजाया आल्यात."

येथें बाईसाहेब पेचांत पडल्या. कारण लग्नापासून मनांत घोळलेली ओवी खुद्द मातोश्रींच्याच जुलमाची! आणि मूठ सोडावी तर ओवी जाते, आणि ओवी म्हणावी तर घर जातें. मग बटण दाबून, डोळे घट्ट मिटून, सासूची मूठ फिरवीत, म्हणूनच टाकिलें:

"सासू तव्याचा चटका, सांगू कुनाला गं बाई
कंथ माजा सरहद्दी, पाठीशी गं कुनी न्हाई"

मूठ थांबली. यंत्र चालतच होतें. बाईसाहेबांस डोळे उघडावयाची छाती होईना. मग मूठ आपोआप फिरूं लागली, आणि मातोश्रींनीं फाटक्या आवाजांत जाब दिला:

"चटका मीच देती, फुंकर बी मीच घाली
लेका तुज्या माघारी रं, सून एकली न्हाई झाली"

बटण बंद जाहलें. बाईसाहेब सासूच्या गळां पडूं गेल्या, तों दूर यष्टीचा भोंगा वाजला. मग मातोश्री, वय साठ, गुडघेदुखीचे सबबीवर देवळांतही न जाणाऱ्या, टेप कनवटीस लावून अनवाणी धांवल्या, आणि गाडी हात करून थांबविली, आणि टेप अर्जुनाचे हवालीं करून, भर यष्टींत सर्वांसमक्ष सांगत्या जाहल्या, "माज्या सुनंचा आवाज हाय त्यात. जपून न्ये रं गड्या."

येणेंप्रमाणें फत्ते जाहली. घडलें तैसें लिहिलें.