शेषेरावाची तनुजा

"बायको खूश कशी ठेवायची हे शिकायचं आसंल तर माझ्याकडं या! फी घेणार न्हाई!"

लिंबाजीच्या हॉटेलात बशीतला चहा फुंकत शेषेराव असं म्हणाला, तेव्हा अर्धापूरचे चार-पाच केळीवाले बागाईतदार माना डोलावत होते. डोलावणारच. चहा शेषेरावाचा होता.

तसं त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. घरात फ्रिज होता, कपडे धुवायचं मशीन होतं, बायकोच्या अंगावर सोनं होतं, दरसाल तिरुपतीची फेरी होती. दारूला शिवायचा नाही, बायकोवर हात उगारायचा नाही. एवढं केल्यावर नवऱ्यानं करायचं काही शिल्लक राहतं, असं शेषेरावाच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. ते त्याच दुपारी आलं.

बायको वहिदाभाभीकडं ब्लाउज टाकायला गेली होती. वहिदाभाभीचं गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान. तिचा नवरा दस्तगीर लग्नाकार्यात लाउडस्पीकर आणि लायटिंग लावायचा. हडकुळा माणूस, खांद्यावर कायम वायरचं भेंडोळं, शेषेरावाच्या शाळेतला. बायको तिथून परत आली ती हरखूनच.

"अहो, दस्तगीरभाईसारखा माणूस न्हाई बघा!"

जेवत बसलेल्या शेषेरावाचा घास हातातच थांबला. "का? काय केलं त्यानं?"

"भाभीला नावानं हाक मारत्यात! 'वहिदा, आप बैठो, चाय मैं लातूं!' असं म्हणत्यात. गिऱ्हाइकासमोर! आन् खरंच चहा घेऊन आले की वो!"

"त्यात काय एवढं? मी हाक मारत न्हाई का तुला?"

"मारता की. 'ए.'"

शेषेरावानं हातातला घास ताटात ठेवला.

"लाडात आलात तर 'अगं ए'. घाई आसली तर 'कुठं मेलीस?' फोनमधी माझा नंबर 'घर' म्हणून हाय. लोकांसमोर 'आमची मंडळी'. मी एकटी बाई, मंडळी कशी झाले? म्हशीला गंगा म्हणून हाक मारता! माझं नाव एकदा तरी आलंय का तुमच्या तोंडात?"

एवढं बोलून ती आत गेली. दस्तगीर मात्र डोक्यातून गेला नाही. तो जणू शेषेरावाच्या ताटासमोर मांडी घालून बसला.

तेव्हापासून शेषेराव जळायला लागला. साधासुधा नाही, ओला कडबा धुमसतो तसा. आपल्या घरात बसून, आपल्या फ्रिजमधलं पाणी पिऊन, आपल्या बायकोनं दुसऱ्याच्या नवऱ्याचं कौतुक करावं! आणि तेही कुणाचं, तर दस्त्याचं! ज्याला शाळेत गणिताच्या पेपरात शेषेरावानं स्वतःचं बघून लिहू दिलं होतं! पुढं दोघंही नापास झाले ही गोष्ट वेगळी, पण उपकार तो उपकारच.

माणसात एवढं आहे तरी काय, हे बघायला शेषेराव दुकानासमोरच्या पानटपरीवर जाऊन उभा राहिला. आतून आवाज येत होते. "वहिदा, कैंची कहाँ रखे?" "वहिदा, पंखा लगाऊँ क्या?" प्रत्येक 'वहिदा'ला शेषेरावाला लाल मुंगी चावत होती. शेवटी दस्तगीरनंच त्याला बघितलं.

"अरे शेषेराव! बाहेर का उभा? ये, चहा घे. वहिदा, देखो कौन आया!"

"नको! मला काम हाय!" असं खेकसून शेषेराव घरी आला. येता येता त्यानं ठरवून टाकलं. आपणही बायकोला नावानं हाक मारायची. दस्तगीरपेक्षा मोठ्यानं!

आता कोणत्या नावानं, हा प्रश्न आला. आणि इथं तुम्हाला जरा मागं न्यायला हवं.

शेषेरावाच्या बायकोचं हिमायतनगरचं, म्हणजे माहेरचं नाव शिवकांता. लग्नात शेषेरावाला ते जुनाट वाटलं. पोरीचं नाव कसं झळझळीत पाहिजे, म्हणून त्यानं बराच विचार करून 'तनुजा' हे नाव काढलं आणि रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं. झालं! ते तांदूळ बहुतेक दुसऱ्या दिवशी भातात गेले आणि त्यांच्याबरोबर नावही गेलं. सासू केवळाबाई तिला 'सूनबाई' म्हणू लागली. पोरगा झाल्यावर गल्ली 'हरिओमची आई' म्हणू लागली. माहेरी ती शिवकांताच राहिली, आधार कार्डावरही शिवकांताच. 'तनुजा' हे नाव त्या ताटानंतर कुणी उच्चारलंच नाही. पण शेषेरावाला ते पक्कं याद होतं. स्वतः ठेवलेलं नाव माणूस विसरतो होय?

नाव ठरलं, पण तोंडातून निघेना. बाजारात शेकडो माणसांच्या गलक्यात केळीचा भाव ओरडून सांगणारा हा गडी, बायकोचं नाव म्हटलं की घशात पेंड अडकल्यासारखा करायचा. म्हणून संध्याकाळी तो गच्चीवर गेला आणि पाण्याच्या टाकीकडं तोंड करून सराव करू लागला.

"त... तनु... तनुजा! तनुजा, जेवलीस का? तनुजा, चल, नांदेडला जाऊन येऊ. तनुजा, तू बस, चहा मी आणतो!"

शेजारच्या गच्चीवर कोंडाबाई वाळलेल्या कुरड्या गोळा करत होती. कोंडाबाईला गल्लीत निरोप पोचवायला मोबाईल लागत नसे. तिला काय दिसलं? पाठमोरा शेषेराव, मान वाकडी, आवाज लोण्यासारखा मऊ. फोनवर चोरून बोलणारा माणूस अगदी असाच दिसतो. कोंडाबाईनं निम्म्या कुरड्या तशाच टाकल्या आणि जिना उतरली.

सकाळी शेषेराव आंघोळ करून आला, तर बायको दारात उभी. डोळे लाल, पदर खोचलेला.

"ही तनुजा कोण?"

शेषेराव मनात म्हणाला, आहाहा! कळलं वाटतं हिला! स्वतःचंच नाव आणि विचारतीय कशी बघा, लाडात आली! मग त्यानंही मिशीवरून हात फिरवला.

"तुला ठाऊक न्हाई होय?"

"न्हाई! सांगा की!"

"माझ्या मनातली हाय ती."

"कधीपासून?"

"लग्नापासून!"

"लग्नापासून?" बायकोचा आवाज चिरकला. "आन् राहती कुठं?"

"लांब न्हाई," शेषेराव डोळा मिचकावत म्हणाला. "ह्याच घरात!"

बायको धाडकन आत गेली. आत एक पातेलं पडलं, मग दुसरं. लाजली, शेषेरावानं विचार केला. इतकी वर्षं झाली तरी लाजते! त्याला इतका आनंद झाला, की मोटारसायकल काढून तो तडक नांदेडला निघाला. दस्तगीर चहा आणतो काय! आपण केक आणू!

तो संध्याकाळी परतला तेव्हा दारात हिमायतनगरची जीप उभी होती. ओसरीवर सासरे व्यंकटराव, त्यांच्या दोन्ही बाजूंना फेटे बांधलेले दोन भावकीतले म्हातारे. केवळाबाई खांबाला टेकून डोळ्यांना पदर लावून बसलेली. शेजारी कपड्यांची भरलेली बॅग, आणि बॅगेवर हात ठेवून बायको. कोंडाबाई दाराच्या चौकटीत, निम्मी आत, निम्मी बाहेर.

"या जावईबापू, बसा," व्यंकटराव म्हणाले. "खोक्यात काय हाय?"

"केक हाय, मामा."

"कुणासाठी?"

"हिच्यासाठी..." शेषेराव बायकोकडं बघून लाजला. व्यंकटरावांनी खोकं ओढलं आणि झाकण उघडलं. आत गुलाबी क्रीमचा केक होता. त्यावर मोठं लाल बदाम, आणि बदामाच्या मधोमध ठसठशीत अक्षरात 'तनुजा'!

केवळाबाईनं हंबरडा फोडला. "शेषा, बाबा, तोंड काळं केलंस रे! घरात केक आणायलास तिचा?"

"कुणाचा? अगं आई, ही काय तनुजा! ही बसलीय की!"

"बघा बाबा, बघा!" बायको उसळली. "सापडले तर माझ्याच अंगावर ढकलायलेत! मी शिवकांता हाय! बाबा, तुम्हीच ठेवलंय ना नाव?"

"ते माहेरचं! सासरचं तनुजा! मी लिहिलं होतं की, तांदळात! मामा, तुम्ही होता की समोर!"

व्यंकटरावांनी डोकं खाजवलं. "तवा बँड वाजत होता. मी वऱ्हाडाच्या जेवणाचं बघायलो होतो. मला काय याद न्हाई बुवा."

"आई, तू सांग!"

"मी सूनबाई म्हणते," केवळाबाई नाक ओढत म्हणाली. "मला काय ठावं तुम्ही तांदळात काय खरडलं ते!"

मग चौकटीतून कोंडाबाईनं विचारलं, "नाव ठेवलं होतं, तर इतक्या वर्षांत एकदा बी हाक का मारली न्हाई वो शेषेराव?"

शेषेराव केकच्या खोक्याचं झाकण लावू लागला. दोन्ही म्हातारे एकदम आपापल्या फेट्याची शेव तपासू लागले.

"चला बाबा," बायको उठली. बॅग तिनं खांद्याला लावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पाऊल ठाम होतं. शेषेरावानं तिच्या बॅगेचा पट्टा धरला. ही गेली तर? ह्या घरात मग आपण 'ए' तरी कुणाला म्हणायचं? फ्रिज, मशीन, सोनं, सगळं त्याला त्या क्षणी कवडीमोल वाटलं. बायकोवर आपला एवढा जीव आहे, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. भर ओसरीवर तो ओरडला,

"अगं, कुणी बी न्हाई! मी त्या दस्तगीरवर जळायलो होतो! तू सारखी दस्तगीरभाई, दस्तगीरभाई करायलीस! त्याच्यासारखं नावानं हाक मारावं म्हणून गच्चीवर जाऊन नाव घोकायलो होतो गं मी!"

सगळे आ वासून बघत राहिले. कोण कुणासाठी काय घोकतंय, हे कुणालाच पटेना. घोकायला ते काय पाढे आहेत? एक म्हातारा म्हणाला, "थाप हाय."

तेवढ्यात गलका ऐकून खुद्द दस्तगीरच दारात आला, खांद्यावर भेंडोळं, मागे वहिदाभाभी.

"काय झालं? ही जीप कशाची? भाभी, आप रोने काहेको लगे?"

कोंडाबाईनं त्याला एका दमात सगळं सांगितलं. दस्तगीर ऐकता ऐकता हसायला लागला. हसून हसून भेंडोळं खाली पडलं.

"अरे, तनुजा म्हणजे भाभीच की! लग्नाला स्पीकर कुणाचा होता? माझा! भटजीचा घसा बसला होता, म्हणून माईकवर मीच पुकारलो, 'आजपासून नवरीचं नाव तनुजा!' निम्म्या अर्धापूरनं ऐकलं. तुमच्याच घरानं ऐकलं न्हाई व्हय?"

शिवकांतानं बॅग हळूच खाली ठेवली. तिला आठवत होतं. मुंडावळ्या डोळ्यांवर, कानात बँड, आणि वरून स्पीकरवर कुणाचं तरी नाव.

"मला वाटलं, पलीकडच्या मांडवातली नवरी आसंल," ती म्हणाली.

व्यंकटराव मिशीतल्या मिशीत हसू लागले. म्हाताऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. केवळाबाईनं पदर डोळ्यांवरून काढून केकचा वास घेतला. शेषेराव घाम पुसत होता. वाचलो! असं त्याला वाटतंय तोच बायकोचे शब्द कानावर आले.

"बघा! लग्न लावून आणली तुम्ही, आन् माझं नाव ध्यानात हाय दस्तगीरभाईंच्या!"

"अगं, माझ्या बी ध्यानात होतं!"

"ध्यानात ठेवायला ते काय केळीच्या हिशेबाची पट्टी हाय?" ती म्हणाली, पण पदराआड हसू दाबत होती. "खरंच जळत होतात?"

"लई!" शेषेराव अगदी मनापासून म्हणाला.

"मग ऐका. तनुजा मला नको. ठेवताना मला विचारलं होतं का? माझं नाव शिवकांता. घ्यायचं आसंल तर ते घ्या. आत्ता. सगळ्यांसमोर."

"शिवकांताभाभी!" दस्तगीर लगेच म्हणाला. "वा! कितना अच्छा नाम है!"

किती सहज म्हणाला! जसं काही रोजच म्हणतो! आणि तिचा चेहरा कसा फुलला, हेही शेषेरावानं पाहिलं. त्याच्या अंगाची लाही लाही झाली.

"तू गप रे दस्त्या! माझी बायको हाय, नाव मी घेणार!"

"घे की मग."

शेषेराव उभा राहिला. समोर आई होती, सासरे होते, दोन फेटे होते, कोंडाबाई होती. त्यानं छाती भरून श्वास घेतला. "शि..." म्हणाला. कपाळावर घाम आला. "शिव..." म्हणाला. दस्तगीर समोरून ओठ हलवून त्याला पुढची अक्षरं सांगत होता. ते बघून तो आणखी भडकला, डोळे गच्च मिटले, आणि सगळा जोर लावून ओरडला,

"ए! बघत काय उभी राहिलीस? केक काप की!"

शिवकांतानं सुरी आणली. केक कापला. पहिला तुकडा तिनं दस्तगीरच्या हातावर ठेवला, आणि तो चांगला मोठा होता.