साळोबाच्या सीडी प्लेअरचा ट्रे

एका जंगलात वीज आली होती, मुलांनो. वीज आली म्हणजे मागोमाग बिघाड आलेच.

त्या जंगलात साळोबा नावाचं एक साळिंदर राहत असे. त्याच्याकडे जुना सीडी प्लेअर होता. एके दिवशी त्याचा ट्रे अर्धा बाहेर आला आणि अडकला. आतली सीडी निघेना, वाजेना. त्या सीडीत साळूबाईचा आवाज होता. साळूबाई म्हणजे साळोबाची बायको. ती उन्हाळ्यात गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

साळोबाने प्लेअर वानराकडे नेला. वानर म्हणजे जंगलातला नावाजलेला मेकॅनिक. त्याने वरून दोन टिचक्या मारल्या.

“मोटर गेली, काका.”

“उघडून बघतोस का?”

“उघडून काय, कुणीही बघेल! आम्ही न उघडता सांगतो. याची मोटर आता मिळत नाही. टाकून द्या.”

“आणि सीडी?”

“ओढून काढू. तुटली तर तुटली.”

साळोबाचे काटे फुलले. वानर दोन पावलं मागे सरकला.

वाटेत ससा भेटला. “सीडी कोण ऐकतं हल्ली, काका? सगळी गाणी मोबाइलवर असतात.”

“हे नाही,” साळोबा म्हणाला.

शेवटी तो ओढ्यावरच्या खेकडीण आजीकडे गेला. आजीने त्याला बटण दाबायला लावलं आणि नुसतं ऐकलं.

“घुरघुरतेय ना? मग मोटर ठणठणीत आहे. फिरते बिचारी, पण तिचा जोर ट्रेपर्यंत पोचत नाही. मधला रबरी पट्टा सैल पडला असणार.”

आजीने नांगीने स्क्रू काढले. पट्टा खरंच सैल होता.

“उकळत्या पाण्यात टाक. आवळेल.”

गंमत बघायला वानर मागोमाग आलाच होता. “यंत्राचा भाग उकळतात का, आजी? भाजी करायचीय त्याची?”

“तूच टाक रे, साळोबा,” आजी म्हणाली. “उकळत्या पाण्याशी आमच्या घराण्याचं जमत नाही.”

साळोबाने पट्टा उकळला, पुसला. आजीने बसवला. साळोबाने डोळे मिटून बटण दाबलं. ट्रे सुळकन बाहेर आला, सुळकन आत गेला.

सीडी वाजू लागली. जंगलाच्या स्नेहसंमेलनातलं समूहगीत होतं. अकरा जणी गात होत्या.

वानराला हसू आवरेना. “यासाठी एवढा जीव टाकलात? यातली काकू कुठली, हे कळायचं कसं?”

“ती प्रत्येक ओळ जरा उशिरा धरायची,” साळोबा म्हणाला. “गाणं बसवणाऱ्या कोकिळाबाई फार रागवायच्या तिला.”

सगळ्यांनी कान दिले. दहा जणींनी ओळ एकदम उचलली. मग, किंचित मागून, एकीने.

वानर हसायचा थांबला. साळोबाने आवाज थोडा वाढवला.

तात्पर्य : ताल अचूक सांभाळणाऱ्या त्या दहा जणी कोण होत्या, हे जंगलात आज कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा मुलांनो, जिथे सगळे एकदम सुरू करतात, तिथे थोडा उशीर करत जा. बाई रागावतील. रागावू द्या.