नाकतोडेभाऊंचा चार फुटी समुद्र

नाकतोडेभाऊंच्या बैठकीत चार फूट लांबीचा समुद्र होता आणि त्यात काहीही नव्हतं. मासा नाही, शिंपला नाही, प्लास्टिकचं झाडसुद्धा नाही. काचेच्या टाकीत नुसतं खारं पाणी, त्यात घुरघुरत लाटा उठवणारे दोन पंप, वर निळा दिवा, आणि समोर खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले नाकतोडेभाऊ. आमच्या ब्रह्मपुरीहून कुठल्याही दिशेनं निघा, एक रात्र गाडीत काढल्याशिवाय समुद्र दिसत नाही. त्यामुळे लोक मुद्दाम बघायला यायचे.

"भाऊ, मासे कुठी हायेत?"

"मासे नाई. दगड येनार हायेत."

"दगड?"

"जिवंत."

इथे पाहुणा चहाचा कप खाली ठेवायचा आणि घराबाहेर पडल्यावर माझ्याकडे यायचा. मी शेजारी. भाऊंचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे मला ठाऊक असणार असं सगळ्यांनी धरलेलं.

नाकतोडेभाऊ बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायच्या, यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लाउडस्पीकर तिथेच राहिला, पुकारणं मात्र घरी आलं. एरवी बोलणं आपलं इकडच्या झाडीबोलीतलं, पण काही जाहीर करायचं असलं की एकदम छापील मराठी. "चहा फलाट क्रमांक एकवर लागत आहे," असं म्हणून ते कप पुढे करत. तीन वर्षांपूर्वी सुमनवहिनी गेल्या तेव्हा आम्ही सगळे अंगणात उभे होतो. भाऊ दारात आले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अकरा वाजता निघणार आहे. सर्वांनी कृपया नोंद घ्यावी." कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तोच माणूस भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

त्यांचा एकुलता एक मुलगा निशांत पुण्याला, कॉम्प्युटरमध्ये. त्याचा फोन वहिनींचा असे. अर्धा तास बोलून झालं की त्या फोन नवऱ्याच्या हातात देत.

"जेवला का?"

"हो."

"बरं. ठेवतो."

वहिनी गेल्यावर फोनमधला तो अर्धा तास गेला आणि ही तीन वाक्यं उरली. दर रविवारी.

अशाच एका रविवारी निशांत म्हणाला की कंपनी त्याला कॅनडाला पाठवते आहे. त्याच्या पुण्याच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी होती. मासे मित्रांनी नेले, दगडही कोणाला तरी देऊन टाकतो म्हणाला. आता या जागी 'बरं, ठेवतो' यायला हवं होतं. भाऊंनी विचारलं, "कायचे दगड?"

निशांतनं समजावलं. भोकाभोकांचे दगड. सहा वर्षं खाऱ्या पाण्यात राहून त्यांच्या छिद्राछिद्रांत बारीक जीव वस्तीला आलेले. तेच टाकीतलं पाणी साफ ठेवतात. दगड सुकला की ते मरतात.

"मंग मले दे," भाऊ म्हणाले.

"बाबा, तुम्हाला नाही जमणार ते."

"काऊन नाई जमनार? तू पानी कसं बनवाचं ते सांग."

निशांत विमानाआधी दोन दिवस येऊन जाणार होता. दगड स्वतःच आणणार होता. त्याला दोन महिने अवकाश होता, पण भाऊंनी दुसऱ्याच दिवशी कामाला सुरुवात केली. नळाचं पाणी चालत नाही, बोरचं तर अजिबात नाही, म्हणून आमच्याकडे पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या शकीलभाईंना त्यांनी एका फेरीत पंधरा कॅन आणायला लावले. शकीलभाईंना वाटलं, घरात लग्न आहे. कॅन उतरवून झाल्यावर त्यांच्यादेखत भाऊंनी पहिल्या ड्रममध्ये पांढऱ्या पिशवीतलं मीठ ओतलं.

"भाऊ, हे काय करून राह्यले?" शकीलभाई ओरडलेच. "पान्यातला खार काढाले मी एवढी मोठी मशीन बसवली, अन् तुम्ही परत मीठ टाकता?"

"हे घरचं मीठ नाई. समुद्राचं हाये."

"घरचं बी तं समुद्राचंच राह्यते ना?"

यावर भाऊंनी मला हाक मारली. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, हा माझा उपयोग त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळला. मी मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे सांगितलं. शकीलभाईंनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि जाताना मला म्हणाले, "सर, त्यांच्या सोबतीले कोनी पाह्यजे."

त्या दिवसापासून मी समुद्रावर कामाला लागलो. खारेपणा मोजायचा, पाण्याचं तापमान पंचवीसवर ठेवायचं. जानेवारीच्या थंडीत भाऊ अंगात स्वेटर, वर शाल आणि टाकीत हीटर. स्वतःसाठी पाणी तापवायचा हीटर बिघडला होता, तो त्यांनी दुरुस्त केला नाही. थंड पाण्यानं आंघोळ करायचे आणि कुडकुडत येऊन टाकीचा थर्मामीटर वाचायचे.

निशांतसाठी आतल्या खोलीतला पलंग झाडून ठेवला होता. नवी चादर. उशीला नवा अभ्रा. येण्याच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला. सुट्टी मिळत नव्हती. दगड तीन खोक्यांत भरून नागपूरच्या गाडीत टाकतो, तिथे मित्र उतरवून घेईल आणि ब्रह्मपुरीच्या बसमध्ये चढवून देईल.

"बरं," भाऊ म्हणाले. "ठेवतो."

बस सुटली त्या सकाळी मात्र त्यांच्यातला नियंत्रक जागा झाला. वाटेवरच्या प्रत्येक स्टँडवर त्यांची ओळख होतीच. "उमरेड सोडलं," त्यांनी मला सांगितलं. मग बराच वेळ काही नाही. मग फोन आला की गाडी भिवापूरला बिघडली आहे, दुसरी यायला तीन तास लागतील.

"सर, गाडी काढा," ते म्हणाले.

माझ्या मोटारसायकलवर मागे भाऊ, त्यांच्या मांडीवर खाऱ्या पाण्याचा दहा लिटरचा कॅन. प्रत्येक खड्ड्याला कॅन माझ्या पाठीत बसायचा. भिवापूरला पोचलो तर खोकी टपावरून उतरवून उन्हात ठेवलेली. भाऊंनी धावत जाऊन एक उघडलं. आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले जांभळट दगड. कागदाच्या कडा वाळून कडक झाल्या होत्या. चहाटपरीच्या सावलीत खोकी ओढून आम्ही त्यांच्यावर पाणी शिंपडायला लागलो. भोवती माणसं जमली.

"काय हाये भाऊ, मासोया?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दगड."

"दगडासाठी एवढ्या दूर आले?"

"पोरगा आननार होता," भाऊ कागद भिजवत म्हणाले. "त्याले सुट्टी नाई भेटली."

ड्रायव्हर आपली पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, "हे चालते का?" भाऊंनी मान हलवली. साधं पाणी चालत नव्हतं.

तिथून जीपमध्ये खोकी चढवून संध्याकाळच्या आत घरी आणली. आल्याआल्या दगड टाकीत जात नाहीत. प्रवासात त्यांच्यातलं जे काही मेलं असेल ते ब्रशनं काढायचं आणि काही आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवून पाणी बदलत राहायचं. अंगणात आम्ही दगड घासत बसलो होतो तेवढ्यात समोरच्या भागरताबाई आल्या. सत्तरीच्या, दर शिवरात्रीला मार्कंड्याच्या महादेवाला जाणाऱ्या. टबातले दगड, वरून पाण्याची धार आणि सोवळ्यातल्यासारखे भाऊ पाहून त्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि ओच्यातून बेलाचं पान काढलं.

"टाकू नका!" भाऊ एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाई दोन पावलं मागे सरल्या. "पानी खराब होते!"

"देवाचं पानी कसं खराब होईल बाप्पा?"

"देव नाई बाई. निशांतचे दगड हायेत."

भागरताबाईंनी पान परत ओच्यात ठेवलं. "मंग बी देवच," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. चौथ्या दिवशी तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि लोक नाली उपसायला सांगायला लागले. मी पाण्याची चाचणी केली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. आमचं पाणी कडुनिंबाच्या पानासारखं हिरवंगार झालं. दगडातले जीव मरत होते आणि मेलेले उरलेल्यांना मारत होते.

"त्याले सांगू का?" भाऊंनी विचारलं.

"सांगायला हवं."

निशांत कॅनडात पोचून दोनच दिवस झाले होते. तो घाबरला. म्हणाला, रोज पाणी बदला, रोज मोजा, मी रोज सकाळी तुमच्या साडेसातला फोन लावतो. व्हिडिओवर दाखवा.

आणि रोज साडेसातला फोन यायला लागला. निशांतला पडद्यावर फक्त टब दिसायचा. फार तर भाऊंचं बोट. "बाबा, जवळ न्या. अजून जवळ. त्याला उलटा करा." भाऊ वाकून, कमरेवर हात ठेवून, मोबाइल पाण्यावर धरायचे. पहिल्या दिवशी चार मिनिटं. पण रंग उमटायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसाला काहीतरी बोलावं लागतं. एकदा निशांतनं विचारलं, तिकडे ऊन पडलं का. एकदा म्हणाला, इथे बर्फ इतका आहे की दार उघडत नाही. एकदा त्यानं विचारलं की आई आंबाडीच्या भाजीत काय घालायची. भाऊंना माहीत नव्हतं. ते संध्याकाळी भागरताबाईंना विचारून आले आणि दुसऱ्या दिवशी चाचणीच्या आधी, छापील मराठीत, सगळी कृती जाहीर केली.

"आज बावीस मिनिटं," फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले. "विनाथांबा."

मार्चमध्ये वीज जायला लागली. घरातला इन्व्हर्टर त्यांनी टबात सोडलेल्या पंपांना जोडला. दुपारी मी गेलो तर टबात लाटा चालू आणि भाऊ बनियनवर, पुठ्ठ्यानं वारा घेत घामानं निथळत बसलेले. पंखा का नाही लावला, विचारलं तर म्हणाले, "मी कुठी मरून राह्यलो?"

दगडांचा वास हळूहळू गेला. हिरवा रंग फिकटत गेला. एका सकाळी दगडाच्या भोकातून केसासारखे पाच पाय असलेला चांदणीच्या आकाराचा इवलासा जीव बाहेर आला आणि पाण्यात सरकत गेला. भाऊ ओरडले. फोनमधून निशांतही ओरडला. तिकडे रात्र होती, कोणीतरी त्याला गप्प केलं. कितीतरी वर्षांनी बापलेक एकाच गोष्टीवर एकदम हसत होते, आणि मी मध्ये नळी धरून उभा.

एप्रिलच्या सुरुवातीला नळी लागोपाठ तीन दिवस पिवळीच राहिली. दगड मोठ्या टाकीत गेले. निशांत खूश होता.

"झालं बाबा! जमलं तुम्हाला. आता रोज बघायची गरज नाही. आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरे. रविवारी बोलू."

"बरं," भाऊ म्हणाले. "ठेवतो."

सोमवारी साडेसातला मी सवयीनं गेलो. भाऊ टाकीसमोर बसले होते, फोन मांडीवर उलटा. मंगळवारी तसेच. बुधवारी मला म्हणाले, "सर, तुमाले कॉलेज राह्यते. रोज नका येत जाऊ." निळ्या उजेडात त्यांचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसत होता. त्यांच्या समुद्रात आता सगळं होतं.

रविवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. पाण्यात थेंब टाकून नळी उजेडाकडे धरली होती. स्वच्छ पिवळी. लिंबाच्या सालीसारखी.

"कसं आहे बाबा?" निशांतनं विचारलं.

भाऊंनी माझ्या हातातल्या नळीकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं.

"थोडं हिरवं दिसून राह्यलं आज," ते म्हणाले.

"हिरवं? अचानक? सर आहेत का तिथे? त्यांना द्या बरं."

फोन माझ्या हातात आला. भाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. ते टाकीची काच फडक्यानं पुसत होते, जिथे काही डाग नव्हता तिथे. मी वर्गात मुलांच्या जर्नलमधलं खोटं रीडिंग लांबून ओळखतो आणि पान फाडायला लावतो. मी नळी खाली केली, फोनच्या मागे.

"हो," मी म्हणालो. "किंचित हिरवट आहे. उन्हाळ्यामुळे असेल. लक्ष ठेवावं लागेल."

"रोज?"

"रोज."

"बरं झालं सांगितलंत. मग उद्यापासून परत साडेसातला लावतो. बाबा, तुम्ही जेवलात का?"

भाऊंनी फोन घेतला. उत्तर देता देता ते नळी घेऊन मोरीकडे गेले, पिवळं पाणी ओतून दिलं आणि रिकामी नळी सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले.