जिऱ्यात पांडूच्या पोरीचं लगन

माझ्या आईची तिथी मला कधीच लक्षात राहिली नाही. एकाही वर्षी नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण तिच्या वडिलांनी मला मुलगी दिली ती याच एका गुणावर. "पोरगा कुठंबी नोकरीवर असो, मायच्या तिथीले इंझोरीत हजर राह्यते," असं ते त्यांच्या किन्हीराजात चारचौघांना सांगत. इंझोरीला, माझ्या गावी, हजर राहायचो हे खरं. पण आठवण माझी नव्हती. ती केनवडच्या नेमासावजींच्या दुकानात, वरच्या फळीवर, एका चिनी मातीच्या बरणीत होती. बरणी रिकामी होती आणि उलटी ठेवलेली होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, आणि मी केनवडला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. सावजींच्या घरामागची खोली मला भाड्याने होती. पुढे त्यांचं किराणा दुकान, मध्ये घर, मागे मी.

त्या दुकानात पहिल्यांदा शिरलेल्या माणसाला वाटे, आताच बरण्या धुऊन पालथ्या घातल्या असाव्यात. पण त्यातल्या बऱ्याच भरलेल्या असत. भरलेली बरणी झाकण घट्ट लावून उलटी का ठेवतात, हे विचारलं की सावजी टोपी सारखी करत आणि म्हणत, "ठेवलं हाय."

काय ठेवलं आहे, ते गिऱ्हाइकाला लवकरच कळे.

"सावजी, जिरं द्या."

"जिरं भेटन नाही."

"काहून? बरणी तं भरली दिसून राह्यली."

"जिऱ्यात पांडूच्या पोरीचं लगन हाय. लगन लागू दे, मंग घिऊन जाजो."

असं होतं ते. गावात कोणाला काही लक्षात ठेवायचं असलं की तो सावजींना येऊन सांगे, आणि सावजी दुकानातली एक वस्तू उलटी करत. बडीशेपेत कोणाच्या तरी सुनेचं माहेरपण होतं. चहाचा डबा तोंड भिंतीकडे करून बसला होता, म्हणजे दोन भावांचा अबोला चालू होता आणि एकासमोर दुसऱ्याचं नाव काढायचं नव्हतं. अडकित्ता खुंटीला उलटा टांगला होता; तो कोणाचा तरी मोतीबिंदू होता. ज्याचं काम झालं त्याची वस्तू सरळ होई आणि मगच विकायला मोकळी होई. "लिहून ठेवत जा ना," असं मी एकदा म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी आजारी बैलाला भाषण द्यायला निघालो होतो.

आईची तिथी त्यांच्याकडे ठेवली तेव्हा मी दुकानात कोणी नाही ते पाहून घेतलं होतं. कोणाला सांगू नका, असंही म्हणालो.

"बरणी बोलते का?" सावजी म्हणाले आणि फळीवर ती छोटी बरणी पालथी केली.

पुढे दरवर्षी तिथीच्या आदल्या दिवशी ते दवाखान्याच्या दाराशी येऊन हळूच सांगून जात. मी एसटी धरे. इंझोरीत माझ्या धाकट्या भावांच्या डोळ्यांत पाणी येई.

अडचण अशी झाली की गाव मोठं आणि दुकान लहान. उलट्या वस्तू वाढत गेल्या, विकायचा माल कमी होत गेला. दुकानात जागा उरली नाही तेव्हा आठवणी घरात शिरल्या. एका सकाळी मैनाकाकू, म्हणजे सावजींच्या बायको, स्वयंपाकघरातून ओरडल्या नाहीत, नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माह्या पोळपाटात कोन आहे?"

"धोंडूची म्हैस," सावजी म्हणाले. "याच हप्त्यात विनार हाय. हात नोको लावू."

"मंग पोळ्या काय तुमच्या टोपीवर लाटू?"

त्याच सुमारास सावजींचे अकोल्याचे जावईबापू आले. त्यांनी बॅगेतून एक कॅल्क्युलेटर काढला. असलं यंत्र केनवडात तोवर कोणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, मामाजी, घराला आता आठवण कमी पडते आहे, आणि या यंत्रात मेमरी आहे. त्यांनी एक आकडा दाबला, पुसला, दुसरं बटण दाबून परत आणला.

सावजींनी कौतुकानं पाहिलं. "कितीक ठेवते हे?"

"एक आकडा."

"एकच? अन् बंद केलं तं?"

"मग जातो."

सावजींनी यंत्र धोतराच्या सोग्यानं पुसून, मानानं परत दिलं. "जावईबापू, इतकं तं धोंडूच्या म्हशीलेबी याद राह्यते."

त्यांच्या मते उपाय साधा होता. सुताराला बोलवायचं आणि नवी फळी ठोकायची. काकू म्हणाल्या, नवी फळी आली तर मी अकोल्याला चालली. शेवटी जावईबापूंनीच निवाडा केला. आठवण वाढवायची की नाही हे ठरवण्याआधी असलेली चालते का ते पाहू. सावजींनी एकेका वस्तूत काय आहे ते सांगायचं. सगळं सांगितलं तर फळी जावयाकडून. एक जरी अडलं तर सगळं सरळ करायचं आणि दुकान दुकानासारखं चालवायचं.

सावजींनी लगेच मान्य केलं. ते अगदी खुशीत होते.

बाजाराचा दिवस होता. माझे सासरे किन्हीराजाहून आले होते आणि बाकावर बसून मजा पाहत होते. मी स्टुलावर चढून एकेक वस्तू दाखवत होतो. सावजी धडाधडा सांगत होते, काकू पडताळून मान हलवत होत्या. हळद झाली, साबुदाणा झाला, पोळपाट झाला. जावईबापू फळीच्या लाकडाचा विचार करू लागले असावेत. वरच्या फळीवर ती एक बरणी उरली.

मी ती हातात घेतली. सावजींनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं.

"हे आठोत नाही," ते म्हणाले.

काकूंचा पदर तोंडाशी गेला. जावईबापू म्हणाले, मामाजी, नीट आठवून पाहा, घाई नाही. सावजींनी मान हलवली. माझे सासरे हळहळले, "वय झालं सावजीचं."

'माझी आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी गुळाच्या ढेपेकडे पाहत राहिलो. नंतर सगळ्या बरण्या सरळ केल्या, त्याही मीच. स्टुलावर मीच होतो ना.

दुकान चांगलं चालू लागलं. कोणालाही कधीही जिरं मिळू लागलं. लोक येत, माल घेत, जात. पूर्वी अर्धा अर्धा तास रेंगाळत, तसं कोणी रेंगाळेना. सावजी फडक्यानं सरळ बरण्या पुसत बसत. काकू आता त्यांना पगडीसारखं जपत. भाजीत मीठ आहे की नाही हेसुद्धा त्यांना न विचारता स्वतःच चाखून पाहत.

पुढे एका दुपारी मी दवाखान्यात एका गोऱ्ह्याचा पाय धरून बसलो होतो. दारात सावली पडली.

"कंपाउंडर, उद्या मायची तिथी हाय. सकाळची एसटी धरजा."

इंझोरीहून परतल्यावर मी थेट दुकानात गेलो. आत कोणी नव्हतं. सावजी, तुम्हाला तर आठवत होतं, असं मी म्हणालो.

"बरणी बोलते का?"

"पण आता बरणी सरळ आहे. मग लक्षात कसं राहिलं?"

ते थोडे लाजले. "मले कायले लागते बरणी? पांडूच्या पोरीचं लगन का इसरनार हावो मी? उलटी करून ठेवली का मानूस येते पाह्याले, आपली हाय का अजून तशीच. आला का बसते घडीभर. पोरगी अकोल्याले देल्यापासून तेवढंच येनंजानं होतं."

मग ते उठले आणि मला न विचारता चहा सांगायला आत गेले.

सावजींना जाऊन बरीच वर्षं झाली. ते होते तोवर दरवर्षी, मी बदलीवर असतानाही, त्यांचा निरोप वेळेवर येत राहिला. माझे सासरेही आता नाहीत. मला आज जे काही चांगलं म्हणतात, ते सावजींनी सांभाळलेलं आहे, आणि त्याबद्दल त्यांचे पाय धरावेत एवढं मला वाटतं.

मैनाकाकू अकोल्याला लेकीकडे आहेत. भेटायला गेलो की त्या अजून म्हणतात, "शेवटी शेवटी याहिले काही आठोत नोयतं बापा." मी चहा पितो आणि परत येतो.

सावजी विसरले नव्हते, बरणी माझी होती. एवढं मी काकूंना अजून सांगायचं देणं लागतो.