मुठीच्या आतला गंज

आमच्या घरात देवाच्या दहा आज्ञांच्या खाली पप्पांची एक अकरावी होती : तलवारीची मूठ उघडायची नाही, आणि का ते विचारायचं नाही. पहिल्या दहांबद्दल फादरना निदान प्रश्न विचारता येत. (मी विचारत असे. म्हणून तर वसईला कॅटेकिझमच्या वर्गात मला शेवटच्या बाकावर बसवत.) अकराव्या आज्ञेबद्दल तीही सोय नव्हती. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, बहारीनला येऊन मनामात एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, स्वतःच्या पगारातून स्वतःची छत्री घेतली (बहारीनमध्ये छत्री कशाला, हा प्रश्न मात्र घरात सगळ्यांना विचारता येत असे), तरी मूठ बंदच.

तलवार जपानी होती. वसईच्या कॉर्नेलियस लोपीसच्या, म्हणजे पप्पांच्या, मनामाच्या उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमध्ये जपानी तलवार कशी आली, तर १९७१ साली इंग्रज बहारीन सोडून गेले तेव्हा पप्पा त्यांच्या मेसमध्ये स्टोअरकीपर होते. जाणाऱ्या एका कॅप्टनने आपलं सामान व्हरांड्यात विकायला मांडलं. त्यात एक फ्रीज होता आणि दुसरं महायुद्ध संपताना कुणा जपान्याकडून काढून घेतलेली एक तलवार होती. मम्मीने पप्पांना फ्रीज आणायला पाठवलं होतं. पप्पा तलवार घेऊन आले. कॅप्टन त्यांना फक्त एवढंच म्हणाला, "मूठ उघडू नकोस, कॉर्नेलियस," आणि विमानात जाऊन बसला.

तेव्हापासून पप्पांना तलवारींचं वेड लागलं. दुसरी त्यांनी फारुखभाईंकडून घेतली. फारुखभाई रत्नागिरीचे, मनामाच्या बाजारात जुन्या फर्निचरचं दुकान चालवायचे, आणि ती तलवारही जपानीच असल्याचं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. घरी आल्यावर तिच्या पात्यावर 'स्पेन' असं कोरलेलं निघालं. पप्पांनी ती बाजू भिंतीकडे करून तलवार टांगली. तिसरी मात्र त्यांनी एका वैमानिकाला विकून दाखवली, त्या पैशांतून फ्रीज आला, आणि मग मम्मीने तलवार या विषयावर बोलणं सोडलं.

स्लॅबचा विषय मात्र तिने सोडला नव्हता. वसईला आमचं घर कौलारू. आमच्या आळीत आखातात गेलेल्या प्रत्येकाच्या घरावर स्लॅब पडला होता. रॉबर्ट अंकल, म्हणजे माझे गॉडफादर आणि पप्पांचे शाळेपासूनचे मित्र, इथल्या गोदीत जहाजांचा गंज खरवडायचं काम करतात. त्यांच्या स्लॅबवर तर पाण्याची टाकीही होती. दर सुट्टीत मम्मी पावसात परातीत आणि टोपात कौलांचं गळणारं पाणी धरायची, आणि समोर रॉबर्ट अंकलच्या टाकीकडे बघायची. पप्पा दर वर्षी पुढच्या वर्षाचं वचन देत. हे अकरावं वर्ष होतं.

अशात फारुखभाई बातमी घेऊन आले. गोदीत इशिदा नावाचा जपानी इंजिनियर आला होता, त्याला तलवारींतलं कळत होतं, आणि शुक्रवारी चार वाजता तो आमची तलवार बघायला येणार होता. जपानी माणूस सगळ्यात आधी मूठ काढून आत बघतो, असंही फारुखभाईंनी सांगितलं. माल खरा निघाला तर तलवार जपानला जाईल आणि तिच्या बदल्यात वसईला स्लॅब येईल, हा हिशेब त्यांनी चहा संपायच्या आत करून दाखवला.

आमच्याकडे पाहुणा येणार म्हणजे घरातला धातू चमकलाच पाहिजे. मम्मी हॉस्पिटलात नर्स. नाताळच्या आधी आल्तारावरच्या, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावरच्या, मेणबत्तीदाण्या चिंचेने घासायच्या त्या आपले दात त्यांत दिसेपर्यंत. इशिदासाहेबासाठीही तोच नियम लागू झाला. गुरुवारी मी अर्धा दिवस रजा काढून मेणबत्तीदाण्या घासल्या, वाट्या घासल्या, स्पेनची तलवारही घासली, आणि मग विचार करू लागले. (माझ्या आयुष्यातले बहुतेक अपघात इथूनच सुरू होतात.) उद्या तो माणूस मूठ काढून आत बघणार. आत काय आहे हे घरच्या कुणालाच माहीत नाही. अकरा वर्षं ज्या कोपऱ्याला हात लागला नाही, तो कोपरा परक्याने पहिल्यांदा बघायचा? ही कसली मोठ्यांची रीत?

मूठ उघडायला काही लागत नाही, हे बघून मला हसूच आलं. एवढी दोन हात लांब तलवार, आणि तिला मुठीत धरून ठेवणारी बांबूची एक बोटभर मेख. मम्मीच्या क्रोशाच्या सुईने ती बाहेर ढकलली. मूठ सरकली, आणि आतून पात्याचं शेपूट निघालं : काळं, खडबडीत, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखं. मला आमच्या घराण्याची लाज वाटली. चिंच लावली, मीठ लावलं, भागेना तेव्हा रॉबर्ट अंकलनी गोदीतून आणून दिलेला पॉलिशपेपर घेतला. चाळीस मिनिटं घासलं. एका बाजूला पाचसहा ओरखडे होते, जरा रांगेत मारल्यासारखे. ते फार चिवट निघाले, पण मीही चिवट आहे. शेवटी त्यात माझा चेहरा दिसला. मेख परत ठोकली, आणि उद्या पप्पांना आपोआप कळेल म्हणून गप्प राहिले.

इशिदासाहेब ठीक चारला फारुखभाईंबरोबर आला, बूट काढून मम्मीच्या गालिच्यावर गुडघे मुडपून बसला. म्हणून पप्पाही तसेच बसले. रॉबर्ट अंकलनी तसं बसायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोफ्याला धरून राहिले. साहेबाने तलवारीला वाकून नमस्कार केला, पातं म्यानातून काढून उजेडात धरलं आणि बराच वेळ श्वाससुद्धा घेतला नाही. मग फार सुंदर आहे असं हळूच म्हणाला. पप्पांनी मम्मीकडे असं पाहिलं, जणू स्लॅब डोक्यावर आलाच.

मग साहेबाने खिशातून छोटी हातोडी काढली, मेख पाडली आणि मूठ सरकवली. आतलं शेपूट आमच्या मेणबत्तीदाण्यांना लाजवेल असं लखलखलं.  त्याने इंग्रजीत विचारलं, हे कुणी केलं.

"मी," मी पुढे होऊन म्हटलं. (आवाजात किती अभिमान होता हे आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.)

त्याने मला रागावून काही सांगितलं नाही, हेच वाईट. तलवार घडवणारा लोहार आपलं नाव त्या शेपटावर कोरतो, असं त्याने सांगितलं. ते पाचसहा ओरखडे म्हणजे ते नाव होतं. आणि तो भाग कधीच घासायचा नसतो, कारण तिथल्या गंजाच्या रंगावरून तलवारीचं वय वाचतात. हा गंज बहुधा तीनशे वर्षांचा असावा. ही एखाद्या मोठ्या उस्तादाची तलवार असेल किंवा कुणाचीच नसेल. आता कुणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे त्याला ती घेता येणार नाही. जाताना तो तलवारीला वाकला, पप्पांना वाकला, मलाही वाकला. मला जरा कमी.

इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या मुलीने तीनशे वर्षांचा इतिहास चिंच-मिठाने धुऊन काढला होता. दार लागताच मी भांडायला सुरुवात केली. (चूक आपली असली की भांडण आपणच सुरू करावं.) कारण सांगितलं असतं तर मी हात लावला असता का? नुसतं करू नको, करू नको. का, ते कोण सांगणार?

पप्पा गालिच्यावर तसेच बसले होते. म्हणाले, "मला तरी कुठे माहीत होतं, बाय?"

 त्यांनी गुपचूप पातं उचललं, मूठ परत चढवली, घासून बारीक झालेलं शेपूट आत डुगडुगतंय हे पाहिलं, आणि उघडी तलवार माझ्या हातात देऊन गालिच्यावर मेख शोधू लागले.

तोवर फारुखभाईंना उपाय सुचला होता. जुफैरच्या नौदल तळावरचा एक अमेरिकन महिन्याभरात घरी जाणार होता. तलवारीसाठी तो दुकानात दोनदा येऊन गेला होता. त्याला जपानी अक्षर वाचता येत नाही. त्याला फक्त गंज दिसला पाहिजे. सगळ्यांनी रॉबर्ट अंकलकडे पाहिलं.

"वीस वर्षं मी गंज काढायचा पगार घेतला," अंकल म्हणाले. "आता लावायला सांगता?" पण त्यांचे डोळे चमकले. बहारीनची हवा आहे, म्हणाले. खारं पाणी, थोडं व्हिनेगर, ओलं फडकं गुंडाळून आठ दिवस गच्चीवर. तीनशे वर्षांचं काम खलास. फारुखभाई म्हणाले, जमलं तर अक्षरंही कोरून घेऊ, माझ्याकडे कारागीर आहे.  मम्मी छताकडे बघत होती, आणि ते छत वसईचं होतं. सगळ्यात वाईट हे की पप्पाही मुठीत मेख धरून विचार करत होते. मग ते मला म्हणाले की तू घासलंस, तर फडकं तूच गुंडाळ, आणि याबद्दल बाहेर बोलायचं नाही. बारावी आज्ञा.

मी उठून उभी राहिले.

"नाही गुंडाळणार," मी म्हटलं. "नाव मी पुसलं, ती माझी चूक. पण खोटं नाव मी लावू देणार नाही. अकरा वर्षं सांगितलंत हात लावू नको, त्याचं कारण कुणाकडे नव्हतं. आज लबाडी कर म्हणता, तर कारणं भरपूर. तो अमेरिकन या घरी आला तर मीच त्याला सांगणार, हा गंज आमच्या रॉबर्ट अंकलचा आहे, वय आठ दिवस. स्लॅबसाठी मी माझा पगार देईन, वर्षाला एक खोली. तोवर गळू देत कौलं. परात मी धरेन."

प्रत्येक वाक्याला मी हात करत होते. बोलता बोलता आवाज चढला. बोलून झालं तेव्हा फारुखभाई सोफ्याच्या मागे उभे होते. रॉबर्ट अंकलनी उशी छातीशी धरली होती. पप्पा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या एका शब्दाला कुणी उलट बोललं नव्हतं. सत्यापुढे मोठी माणसं अशी गप्प होतात, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. 

मम्मीनेच शेवटी तोंड उघडलं, अगदी हळू, ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या पेशंटशी बोलावं तशी.

"पटलं, बेनिटा. सगळ्यांना पटलं. आता आधी ती तलवार खाली ठेव. मेख अजून पप्पांच्या हातात आहे."