ठकूबाईची भिंत

एका जंगलात, मुलांनो, वाघ राजा होता आणि मोर तज्ज्ञ होता. त्या जंगलाच्या कडेला वखार आळी होती. रेडे आणि रानडुकरं तिथे दिवसभर ओंडके ओढत आणि दुपारी ठकूबाई साळिंदरीच्या चुलीपाशी झुणका-भाकर खात.

जेवून उठलं की ठकूबाईच्या भिंतीला तोंड पुसायचं, ही आळीची रीत. कुणी न पुसता निघाला की ठकू विचारी, "का रे, मीठ कमी पडलं?" भिंतीवर पिवळे-तांबडे ओघळ साचत. दसऱ्याला ती चुना काढी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसापुशी सुरू.

एकदा राजाला वाटलं, या आळीचं पुनरुज्जीवन करावं. आळीचं बरं का, आळीतल्यांचं नव्हे. फरशी आली. 'वखार कलाग्राम' अशी पाटी आली. ओंडके ओढणाऱ्यांना मागच्या वाटेनं जायला सांगितलं. अस्वलाच्या मोहाच्या दारूवर कालपर्यंत धाडी पडत. आज तीच दारू करवंटीतून घोटभर मिळू लागली आणि तिला वनवारसा म्हणू लागले. धाडी घालणारा लांडगा करवंट्या भरू लागला.

रोज सकाळी मोर पिसारा उभारून पुढे चाले. मागून हरणं, ससे, बगळे. एके दिवशी ही फेरी ठकूच्या भिंतीपाशी थांबली.

"पाचशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं," मोर म्हणाला.

"दसऱ्यालाच चुना काढलाय, दादा," ठकू म्हणाली. "ही रेड्यांची तोंडं पुसलेली हायेत."

"लोकस्मृती किती निरागस असते पाहा," मोर म्हणाला. बगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. चुलीचा धूर चित्रांना बाधतो. सोमवारी चूल काढावी.

"काढून कुठं मांडू?" ठकूनं विचारलं.

"तो आमचा विषय नाही," मोर म्हणाला.

चूल गेली की ठकूचं पोट गेलं आणि चाळीस रेड्यांची दुपार गेली. ती तोंडात पदर धरून बसली. सटवा रेडा भाकरी चावता चावता म्हणाला, "ठके, चित्रच नसलं तर धूर बाधायचा कुणाला?"

ठकूनं त्याच्याकडे पाहिलं. "मेल्या, एवढी अक्कल रोज ओंडक्यापाशी ठेवून येतोस होय?"

पहाटे उठून तिनं भिंतीला चुन्याचे तीन हात दिले. मग चूल पेटवली आणि निवांत भाकरी थापत बसली.

फेरी आली. मोर थबकला. त्याचा पिसारा जरा खाली आला. ठकूनं भाकरी उलटली.

"मंडळी," मोर हलक्या आवाजात म्हणाला, "कुणी बोलू नका. ही कृती आजच प्रकट झाली आहे. हिचं नाव, श्रमिकांचं मौन."

एका सशाचे डोळे भरून आले. एक हरिणी म्हणाली, "मला आतून हलल्यासारखं झालं."

"अहो, चुना हाय त्यो," ठकू म्हणाली. "टेकू नका, अंगाला लागंल."

"आणि हा मौनाचा स्थानिक प्रतिसाद," मोर म्हणाला. टाळ्या पडल्या. मग त्यानं चोच वर करून हवा हुंगली. "पण हा धूर? इतक्या शुभ्र कृतीशेजारी?"

सोमवारची वाट कुणी पाहिली नाही. दोन लांडगे आले आणि त्यांनी चुलीत घागरभर पाणी ओतलं. अर्धी भाजलेली भाकरी तव्यावर तशीच राहिली. पाहुणे पुढच्या ठिकाणी गेले. तिथे त्यांना पळसाच्या पानावर बोटभर झुणका मिळणार होता.

दुपारी मागच्या वाटेनं रेडे आले. सटव्यानं ओल्या राखेकडे पाहिलं. "ठके, आज जेवायला काय?"

"मौन," ठकू म्हणाली. "बसा वाढते."

तात्पर्य : राबणाऱ्यानं पोटभर जेवणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. भूक लागली तर त्यानं भिंतीकडे पाहावं. तरीही भूक राहिली, तर आपल्याला कलेतलं कळत नाही असं समजावं आणि मागच्या वाटेनं घरी जावं.