घदबानकाकांचं चौथं स्नान

जगात निर्दोष चालणारं खातं एकच, मृत्यूचं. आम्हा इराकमधल्या मंदाई धर्माच्या लोकांत ते सौरीएल नावाचा देवदूत सांभाळतो. त्याची एक दिवसाची रजा नाही, त्याच्याकडे वशिला चालत नाही, आणि त्याच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही (तक्रारदार शिल्लक राहत नाही, ही गोष्ट वेगळी). त्याची अपेक्षा माफक असते. तो येईल तेव्हा माणूस नदीच्या पाण्यानं धुतलेला, पांढऱ्या धर्मवस्त्रात, उत्तरेला तोंड करून तयार हवा. नाहीतर आत्मा वाटेत अडकतो. कधी येणार, एवढं मात्र तो कळवत नाही.

अमारा गावची सिमत; तिचे वडील घदबान, नावा बांधणारे, वय ब्याऐंशी. जानेवारीत डॉक्टरनं सांगितलं, "तासाभराचे सोबती." सिमतनं लगोलग टायग्रिसचं पाणी आणवलं. डोक्यावर पहिलाच तांब्या पडला आणि म्हातारा ताडकन उठून बसला.

"कोण गाढव आहे रे? थंडीनं मारताय काय मला?"

मग त्यांनी भाजलेला मासा मागितला. सिमतला रडू फुटलं. मेलेल्यासाठी रडायला आमच्यात बंदी आहे. त्या आसवांची नदी होते आणि ती आत्म्याला पोहावी लागते. न मेलेल्यासाठी रडण्याबद्दल पोथीत काही सापडेना, म्हणून आमचे धर्मगुरू शेखसाहेब यांनी तेवढी सूट दिली.

मार्चमध्ये हेच झालं. जूनमध्येही. (डॉक्टरचे तीन अंदाज चुकले. त्याला बढती मिळाली.)

सिमतचा चुलतभाऊ फरहान, चांदीकाम करणारा, चोपन्न वर्षांचा धट्टाकट्टा गडी, दर वेळी बघायला यायचा. "ताई, बापाला किती धुशील? आटेल की गं!" त्याचं स्वतःचं वस्त्र अजून शिवायचंच होतं. बायको मागे लागली की म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू."

सप्टेंबरात काकांचा श्वास पुन्हा अडखळला. सिमतनं तांब्या उचलला आणि ती थबकली. पुन्हा गाव हसणार.

काका पुटपुटले, "लोक हसतील म्हणून मला बनियनवर पाठवतेस होय?"

तिनं पाणी ओतलं, वस्त्र घातलं, त्यांना उत्तराभिमुख टेकवलं. तेवढ्यात फरहान कलिंगडाची फोड खात दारात आला.

"चौथ्यांदा?" तो खो खो हसला, हसता हसता उंबऱ्यावर बसला आणि आडवा झाला. सौरीएल आला होता. नेहमीसारखाच वेळेवर.

काका उठून बसले. "माझं वस्त्र काढा, ह्या पोराला घाला! लवकर!"

शेखसाहेबांनी मान हलवली. "श्वास गेला, काका. आता नाही चालत."

फरहान पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात गेला. अशांसाठी एक विधी असतो: जिवंत माणूस मेलेल्याच्या नावानं वस्त्र नेसून उभा राहतो. योग्य दिवस बघून घदबानकाका उभे राहिले, दोन तास, काठी न घेता. सिमतनं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. एक थेंब तिनं खाली पडू दिला नाही.

त्या आठवड्यात अख्ख्या गावानं वस्त्र शिवून घ्यायचं ठरवलं. शिंप्याकडे दोघे गेले. बाकीच्यांची प्रकृती चांगली आहे.

वाचताना तुम्हालाही एकदोनदा हसू आलं असेल. त्यात गैर काही नाही. फरहानची प्रकृतीही हसण्याइतकी उत्तम होती.